ओळखीचा धूर

"हात लाव. चावत नाही," धाकटा म्हणाला.

थोरलीने विमानाच्या पोटाखालच्या सायलेन्सरला बोट लावलं. गार होता. त्याच्या अंगात मिस्त्रीने एक बारीक नळी घुसवली होती. नळीचं दुसरं टोक सीटमागच्या टाकीला जोडलेलं होतं. टाकी म्हणजे झाडांवर औषध मारायच्या पंपाचा डबा, आणि मोटर एका भंगारातल्या गाडीची, काचेवर पाणी उडवणारी.

"एवढंच?"

"एवढंच," मिस्त्री म्हणाला. "तापलेल्या पाइपावर तेल पडलं की पांढरा धूर. मग तेल कुठलंही असो."

लहानपणी थोरलीने घराच्या गच्चीवरून असाच धूर पाहिला होता. झाडांच्या वर एक पांढरी रेघ, आणि रेघेच्या टोकाला बाबांचं विमान. ती ओरडत खाली धावली होती, पण आईला वाटलं, पोरगी खेळतेय. बंब पोचला तेव्हा विझवायला फारसं काही उरलं नव्हतं.

त्याला किती वर्षं लोटली, तरी दूध करपलं की ती घराबाहेर धावत सुटे. धाकटा उडायला लागल्यापासून तर तिने धावपट्टीवरच्या राखणदाराला भंडावून सोडलं होतं. प्रत्येक उड्डाणाला तिचा फोन ठरलेला. "धूर दिसतोय का?" "नाही ताई." "नीट बघ." बिचारा हातातला घास ठेवून बाहेर जाऊन बघून यायचा.

म्हणून धाकट्याने हे खूळ काढलं होतं.

"तुझ्या मानगुटीवर बसलाय तो धूर," तो तिला म्हणाला होता. "आपण आपलाच करू. तुझ्या हातचा. एकदा ओळखीचा झाला की कसली भीती?"

तेल गाळायचं काम त्याने मुद्दाम तिच्याकडे दिलं. बारीकसा कचरा गेला तरी नळीचं तोंड बुजायचं. ती स्वयंपाकघरात जुन्या पातळ कापडातून तेल गाळी आणि डबा कपाटाखाली ठेवी. हे सगळं तिघांतच होतं. फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरीला सुगावा लागला असता तर त्याने विमानालाच कुलूप ठोकलं असतं.

टाकीचा एक सांधा मात्र झिरपायचा. मिस्त्रीने नाना उपाय केले, सांधा काही बधेना. शेवटी त्याने हात टेकले आणि नेम घालून दिला. आधी इंजिन तापवून घ्यायचं, मग तेल ओतायचं, आणि ओतलं की लगेच धूर काढायचा.

पहिली चाचणी जमिनीवरच झाली. थोरली शेडच्या दाराआड उभी होती. धाकट्याने बटण दाबलं आणि सायलेन्सरमधून पांढरा लोट उसळला. मिस्त्री खोकत बाहेर आला तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होता. थोरलीला हसू आवरेना. हसता हसताच ती रडायला लागली.

"बाबांचा असाच होता रे," ती म्हणाली. "अगदी असाच."

धाकट्याने इंजिन बंद केलं आणि कितीतरी वेळ तिचा हात धरून उभा राहिला. त्या दिवसापासून तिला थोडं हलकं वाटू लागलं. स्वयंपाकघरात काही करपलं तर ती खिडकी उघडायची आणि कामाला लागायची, बस.

आता घरावरून उडायचं ठरलं.

"वर असताना मला माझा धूर दिसत नाही," धाकटा म्हणाला. "तो मागे राहतो. तेव्हा तू पांढरी चादर हलव. म्हणजे मी समजेन, सगळं ठीक आहे, तू घाबरली नाहीस. मग हवे तेवढे गोल काढतो."

"आणि नाही हलवली तर?"

"तर मुकाट्याने खाली उतरतो. तुझ्यापुढे माझं काय चालतंय?"

सकाळी मिस्त्री स्कूटरवर आला, तेलाचा डबा पायाशी ठेवून धावपट्टीकडे गेला. थोरली चादर घेऊन गच्चीवर चढली. हवा स्वच्छ होती. शेजारणीने खालून विचारलं, "काय गं, एकच चादर वाळत घालायला एवढी वर?"

झाडांवरून विमान आलं. आधी काहीच दिसेना. मग त्याच्या पोटाखालून एक बारीक पांढरा दोरा सुटला, आणि बघता बघता दाट झाला.

तिने कठडा घट्ट धरला. ओळखीचा आहे, ती स्वतःला म्हणाली. माझ्या हातचा आहे.

फोन वाजला. राखणदार होता. आजवर त्याने आपणहून कधी फोन केला नव्हता.

"ताई, धूर दिसतोय. बंबाला कळवू का?"

"नको रे. आपलाच आहे."

"नक्की ना?"

"मी स्वतः गाळलंय ते तेल. तू निवांत बस."

"बरं," तो म्हणाला. त्याला काहीच उमगलं नसावं.

तिने चादर उलगडली आणि दोन्ही हातांनी हलवली. वरून धाकट्याने पाहिलं असणार, कारण त्याने पंख डावी-उजवीकडे झुलवले आणि उतरायचं सोडून आणखी एक गोल घेतला. धूर त्याच्यामागून वळला. किती सुंदर दिसत होतं ते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वर बघताना भीती वाटत नव्हती. ती चादर हलवत राहिली.

खाली फाटक करकरलं. झाडांच्या दाट सावलीत मिस्त्री घामाघूम होऊन स्कूटर ढकलत आत येत होता.

"ताई, दादांचा फोन लागतो का बघा," त्याने धापा टाकत हाक मारली. "मी पोचेपर्यंत इंजिन तापवायला एक चक्कर मारून येतो म्हणाले होते. उतरले की थांबायला सांगा. ही बया वाटेतच बंद पडली, तेल अजून माझ्याकडेच आहे."