दाराची कडी

बायको होती तेव्हा आमची कुत्री ठमी दर सहा महिन्यांनी माजावर यायची. तेवढे तीन आठवडे बायको दाराला कडी लावायची, गल्लीतले कुत्रे आत घुसू नयेत म्हणून. ती वारल्यावर मला तारखा ठाऊक नव्हत्या, म्हणून कडी कायमचीच लावली. अकरा महिने ठमी माजावर आली नाही आणि आम्ही दोघंही मागच्या अंगणापलीकडे गेलो नाही. शेवटी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोटावरचे केस बाजूला केले. "काका, हिची गर्भपिशवी काढलीय. काकूच घेऊन आल्या होत्या. बोलल्या नाहीत तुम्हाला?" शेवटच्या आजारपणात बायको सांगायला बघायची. "माझ्यामागे ठमीचं..." एवढं म्हणाली की मीच "गप गं, भलतंसलतं बोलू नकोस" म्हणायचो. घरी आल्यावर सवयीने कडी लावली. आता ठमीचं निमित्त नव्हतं. ती दाराशी थांबली, पण कडी काढायला माझा हात उचलेना.