सहा हंगामांची जोडी

बास्केटबॉलचे कोच वॉल्टर केसलर यांच्या दफनाहून सगळे त्यांच्या घरी परतले, तेव्हा पुढच्या व्हरांड्यात एकच जागा उरली होती. रॉस्को टिल्डनच्या शेजारची. एमेट व्हान्सनं हातातल्या हॅमच्या बशीकडे पाहिलं, अंगणात उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि बसला. सहा फूट अकरा इंचांचा माणूस, दोन्ही गुडघे बदललेले. उभ्यानं जेवणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

एकतीस वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

शेजारचे मिस्टर डोनेली कॉफी घेऊन आले आणि दोघांना एकत्र बघून हरखले. "तुमचा एकही सामना मी चुकवला नाही," ते रॉस्कोकडे बोट दाखवत एमेटला म्हणाले. "हे न बघता चेंडू फेकायचे आणि तुम्ही बरोब्बर तिथं असायचात. केवढी जिवाभावाची दोस्ती असणार तुमची."

"आम्ही एका टेबलावर कधी जेवलो नाही," एमेट म्हणाला.

डोनेलींना तो विनोद वाटला. ते हसत आत गेले.

खरं तर तसंच होतं. रॉस्को संघाच्या बसमध्ये सगळ्यात शेवटी चढायचा, मोठमोठ्यानं गायचा, हॉटेलात कुणाचाही टॉवेल उचलायचा. एमेट सामन्याच्या दिवशी तोंडातून शब्द काढायचा नाही. बायबल वाचायचा, शर्टाला स्वतः इस्त्री करायचा. मैदानात मात्र एमेट वळला की चेंडू त्याच्या हातात असायचा. असे सहा हंगाम. मग एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांच्या इंडियानापोलिसच्या संघानं एमेटला दूरच्या एका संघाला देऊन टाकलं. रॉस्कोनंच कोचकडे तशी मागणी केली होती, असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं. सामानाची बांधाबांध चालू असताना रॉस्कोचा फोन आला. "घरी नाही म्हणून सांग," एमेट बायकोला म्हणाला होता.

मिसेस केसलर काठी टेकत बाहेर आल्या. "बसलात एकदाचे शेजारी," त्या म्हणाल्या.

रॉस्कोनं काटा खाली ठेवला. "मिसेस केसलर, तुमच्यासमोरच सांगून टाकतो. एमेट, मी गेलो होतो कोचकडे. याला पाठवा नाहीतर मला, असं म्हणालो होतो."

"मला माहीत आहे," एमेट म्हणाला.

"सत्त्याहत्तरचा मार्च," मिसेस केसलर म्हणाल्या. "तू गुरुवारी आलास. हा त्याच्या आधी सोमवारी येऊन गेला होता."

रॉस्को वळून एमेटकडे बघायला लागला. एमेटनं बशीवरून नजर वर केली नाही.

"हा कशाला आला होता?"

"त्यासाठीच. याला पाठवा नाहीतर मला. दोघंही माझ्याच स्वयंपाकघरात, माझाच केक खात. हा म्हणाला, 'मी काय करणार ते त्याला माझ्याआधी कळतं, माणसाला थोडं तरी खासगी काही हवं की नाही?' तू गेल्यावर वॉल्टर कितीतरी वेळ हसत होता. म्हणाला, माझ्या हातात आहे तोवर दोघांतला एकही कुठं जात नाही."

"मग?"

"मग दोन वर्षांनी मालक बदलला. नव्या मालकाला तरुण पोरं हवी होती. वॉल्टर भांड भांड भांडला, पण त्याच्या हातात काही राहिलं नव्हतं."

आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. त्या गेल्या.

"एकतीस वर्षं मी तुला तोंड दाखवायला लाजत होतो," रॉस्को म्हणाला. "आणि तू सोमवारीच जाऊन आला होतास."

"तू कायमच उशिरा यायचास."

रॉस्कोला आधी खोकला आला, मग हसू. हसून डोळे पुसल्यावर त्यानं विचारलं, "तिकडे कसं होतं?"

"पोरं चांगली होती. चेंडूही द्यायची. पण टाकायच्या आधी माझ्याकडे बघायची. मग समोरच्यालाही कळायचं." एमेटनं कॉफीचा घोट घेतला. "तुझं?"

"तू गेल्यावर पहिल्याच महिन्यात माझे चाळीस चेंडू बाहेर गेले. टिल्डन संपला, असं पेपरात छापून आलं. एकदा कोचनं सराव थांबवून विचारलं, कुणाला टाकतोयस? काय सांगणार?" त्यानं काट्याच्या टोकानं बशीतल्या रश्श्यात एक रेघ ओढली. "सगळे इथंच, तुझ्या जागेवर टाकत होतो. बास्केटच्या डावीकडे, दोन पावलांवर."

एमेटनं वाकून ती रेघ पाहिली.

"तीन," तो म्हणाला.