मुलांची बाजू

"मॅडम, ही सरळसरळ पार्शलिटी आहे! तुम्ही फक्त मुलींचंच ऐकता!"

फैझल बाकावर हात आपटून उभा राहिला. पद्मजा मॅडम रसायनशास्त्राचा धडा सांगता सांगता थांबल्या. एवढं मात्र त्यांना ऐकू आलं. ते अख्ख्या वाघोलीला ऐकू गेलं असेल.

अकरावीच्या वर्गाची बसायची रीत ठरलेली होती. मॅडमच्या उजव्या हाताला मुली, डाव्या हाताला मुलं. ही रीत कुणी घालून दिली नव्हती आणि मोडायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. उजवीकडून मिसबा नुसती पुटपुटली तरी मॅडम वळून शंका सोडवायच्या. डावीकडून फैझल "मॅडम, मॅडम" करून घसा कोरडा करायचा, तर मॅडम ढिम्म. तो बिचारा हुशार होता, त्याला खरंच शंका यायच्या.

"आम्ही सगळी मुलं आत्ता प्राचार्यांकडे जाणार आहोत," फैझल म्हणाला.

चार दिवसांनी पद्मजाबाईंना नोकरीत कायम करायची बैठक होती. तक्रार गेली तर ती बैठक हातची जाणार. आणि खरं कारण सांगितलं तरी तेच होणार, अशी त्यांची भीती. मागच्या वर्षी गालगुंड झालं आणि डावा कान कायमचा गेला, हे त्यांनी घरच्यांखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण इथे त्या मुठीत अर्धा वर्ग गुदमरत होता, आणि त्या पोराच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यांनी खडू टेबलावर ठेवला.

"फैझल, मला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही. तू इतके दिवस विचारत होतास, हे मला आज कळतंय. चूक माझी आहे. मी सांगायला हवं होतं."

फैझल हळूच खाली बसला. त्या दिवशी प्राचार्यांकडे कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात शिरल्या. आता मुलांच्या बाजूला बाजार भरणार, याची त्यांना खात्री होती. बाईंना त्या बाजूचं ऐकूच येत नाही म्हटल्यावर कोण गप्प बसेल?

मुलांच्या बाजूला एकही मुलगा नव्हता.

सगळा वर्ग उजवीकडच्या बाकांवर दाटीवाटीने बसला होता. मुलं आणि मुली कोपराला कोपर लावून, दप्तरं मांडीवर घेऊन. जन्मात एका बाकावर न बसलेली ही पोरं! फैझल तर कडेला अर्धा हवेतच होता आणि तरी हात वर करून होता.

पद्मजाबाईंना भरून आलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, आणि पुन्हा पुसला.

तेवढ्यात त्या गर्दीतून कसाबसा एक हात वर आला. मिसबाचा.

"मॅडम, एक शंका. आम्ही सगळ्यांनी इकडे चेंगरून बसण्यापेक्षा, तुम्ही एकट्याच त्या डावीकडच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिलात, तर अख्खा वर्ग तुमच्या उजवीकडेच नाही का येणार?"