ओळ पुरी होऊ दे

पान पांढरंच राहिलं. बटण दाबून बराच वेळ झाला होता, पण स्क्रीनवर एक अक्षर उमटायला तयार नव्हतं.

"पडलं ना बंद?" दादा मागून म्हणाला.

"बंद नाही पडलं. आत काम चालू आहे."

त्याची धाकटी बहीण घरूनच पीएचपी या संगणकभाषेत प्रोग्राम लिहायची. एका ग्रंथालयाची जुनी छायाचित्रं नव्या सर्व्हरवर हलवणारी कमांड तिच्या पानावरून सुरू व्हायची आणि तासन्‌तास चालायची. कमांड बिचारी प्रत्येक छायाचित्रागणिक एक ओळ सांगत होती. पान मात्र सगळ्या ओळी पोटात ठेवून शेवटी एकदम दाखवायच्या हट्टाला पेटलं होतं. तोवर ग्रंथपालबाईंचा धीर सुटायचा. त्या पुन्हा बटण दाबायच्या आणि सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. आज हे निस्तरायचंच होतं, म्हणून ती उठल्यापासून खुर्चीला चिकटली होती.

दादा वेगळ्याच कामासाठी आला होता. खिडकीपाशी बाबा बसले होते, जेवणाच्या टेबलावर झाकून ठेवलेल्या ताटाकडे टक लावून. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेल्यातच जमा होती. कधीतरी एखादा सुटा शब्द यायचा, त्याला ना शेंडा ना बुडखा. शुश्रूषा केंद्रात एक खोली रिकामी झाली होती. ती घ्यायची का, हे विचारायला केंद्राचा फोन येणार होता.

"त्यांना काही कळत असतं, तर मी हा विषयच काढला नसता," दादा म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता, डोळे नव्हते.

बाबांना तिथे सोडून यायचं, हे तिला नको होतं. ती पुन्हा कोडकडे वळली.

"पोरगी," बाबा म्हणाले.

"ही काय, इथेच आहे," दादा लगबगीने पुढे झाला. "काय हवंय बाबा? पाणी? उशी?"

बाबांनी डोळे मिटले. पुष्कळ वेळाने पुन्हा "पोरगी" आलं, आणि मग मोठ्या कष्टाने, "सकाळपासून."

"सकाळ कुठली बाबा, दुपार उलटली!"

बाबा गप्प झाले. पुन्हा पोरगी. पुन्हा सकाळपासून. या खेपेला दादा फोनमध्ये डोकं घालून बसला होता, म्हणून आणखी एक शब्द आला. "उपाशी."

दादाने कपाळाला हात लावला. "ऐकलंस? मघाशी मी माझ्या हाताने पोटभर भरवलंय. आणि तरी डोळे आपले त्या झाकलेल्या ताटावर! बाबा, अहो, आत्ताच जेवलात ना तुम्ही?"

बाबांची मान खाली गेली.

इकडे तिला गाठ सापडली होती. शेवटाची वाट न बघता, कमांडकडून जी ओळ येईल ती वाचायची आणि तिथल्या तिथे पानावर सोडायची. तिने बटण दाबलं. पहिली ओळ आली. मग बराच वेळ काहीच नाही. ती जागची हलली नाही. दुसरी ओळ आली. तिला आनंदाने हसू फुटलं.

"पोरगी," मागून बाबा म्हणाले.

"अहो बाबा, काय हवंय काय तुम्हाला?"

तिचं हसू ओठांवरच थांबलं. ती खुर्चीसकट मागे वळली.

"दादा, तू पुन्हा पुन्हा बटण दाबतोयस."

"काय?"

"तू मध्ये बोललास की ते पहिल्यापासून सुरू करतात. काही विचारू नकोस. ओळ पुरी होऊ दे."

ती बाबांच्या पायाशी जमिनीवर बसली. दादाही बसला, अवघडून. घरात पंख्याचा तेवढा आवाज.

"पोरगी."

कुणी बोललं नाही.

"सकाळपासून."

दादाचे ओठ हलले. तिने त्याचा हात दाबून धरला.

"उपाशी."

दादाच्या खिशातला फोन वाजायला लागला. केंद्राचाच असणार. बाबांचे ओठ अजून काहीतरी जुळवत होते. दादाने ते पाहिलं आणि खिशात हात घालून फोन बंद केला.

"आहे," बाबा म्हणाले. मग टेबलावरच्या झाकलेल्या ताटावरची नजर त्यांनी सावकाश दादाकडे आणली.

"तिला वाढ."