छातीवरची पट्टी

“एवढ्याशा वॅक्सच्या पट्टीला केवढी ओरडतेस! बायकांना जरा म्हणून सोसत नाही,” उघड्या अंगाने पेपर वाचणारा नवरा म्हणाला.

पायाचे केस काढत बसलेल्या बायकोने उरलेली पट्टी त्याच्या केसाळ छातीवर चापून बसवली. कोपरा जरासा ओढताच तो बाथरूममध्ये पळाला. “निघेल आपोआप,” म्हणत त्याने दोन दिवस पट्टीला कुणाला हात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी घरात सत्यनारायण होता. यजमान गळ्यापर्यंत उपरणं गुंडाळून पाटावर बसले. आचमनाला वाकले आणि उपरणं घसरलं. गुलाबी पट्टी सगळ्या पाहुण्यांनी पाहिली.

गुरुजींनी शांतपणे शंख उचलला. “वहिनी, ओढा एका झटक्यात. मी वाजवतो.”

शंख थांबला, तरी आवाज चालूच होता.