मेंदीखालचं बोट

सुईत दोरा ओवून दाखव, असं पाहुणीने कोकिळेला सांगितलं आणि दाराआड उभ्या तिच्या आईने, विमलबाईने, फटीला डोळा लावला.

पोरगी आतापर्यंत चांगली निभावून नेत होती. चालून झालं, नाव-गाव सांगून झालं, पोह्यांच्या बशा ठेवून झाल्या. मेंदीचे हात तिने पदराखाली बरे सांभाळले होते. ती मेंदी आदल्या दिवशी शेजारच्या नसीमाने काढली होती, तीही नखापासून मनगटापर्यंत गच्च, लालात जांभळं खपून जावं म्हणून. पण रंग झाकता येतो, सूज कशी झाकणार? उजव्या हाताचं मधलं बोट फुगलं होतं आणि दुमडत नव्हतं.

विमलबाई मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या देत होती. दिवाळी झाली आणि सातपुड्यातून उतरलेल्या रानडुकरांनी ज्वारी लोळवली. गावाने मिळून एक डुक्कर मारलं, घरोघर वाटा आला. वाटा परत पाठवणारं घर गावात नव्हतं, तिच्या नवऱ्याचं, शेषरावांचंही नव्हतं. मटण कापायला विमलबाईनेच लेकीला विळीवर बसवलं. हाडाचं टोक बोटात शिरलं आणि चौथ्या दिवशी बोट जांभळं पडलं.

जळगावच्या सरकारी दवाखान्यात नागपूरहून बदलून आलेला डॉक्टर होता. बोट पाहताच त्याने विचारलं, डुक्कर कापलं होतं काय? हा रोग डुकरातून माणसात येतो, तो म्हणाला, पण घाबरायचं कारण नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचं आपोआप ओसरतं. परवाच असा एक जण येऊन गेला.

विमलबाईचा जीव भांड्यात पडला. घरी येते तो संग्रामपूरच्या पाहुण्यांचा सांगावा आलेला. पौर्णिमेला मुलगी पाहायला येतो म्हणून.

ते घर पक्कं माळकरी. पहिल्या बोलण्यातच त्यांनी विचारलं होतं, घरात मांसमच्छी चालते काय? शेषरावांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे बोलले तेव्हा जरा जास्तच बोलले. तीन पिढ्यांत आमच्या चुलीने हाड पाहिलं नाही, असं सांगून बसले. आता ते पाहुण्यांसमोर बसून सारवलेली जमीन निरखत होते.

मुलाचे वडील भगवंतराव तक्क्याला टेकले होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. उजवा हात जपाच्या गोमुखीत होता. बैलांच्या दमणीतून उतरल्यापासून त्यांनी तो त्या पिशवीतून बाहेर काढला नव्हता. पोह्यांनाही शिवले नाहीत, जप पुरा व्हायचा आहे म्हणाले. एवढे तल्लीन, की गोमुखी जराही हलत नव्हती. अशा देवमाणसाला आपण फसवायला निघालो, या विचाराने विमलबाईला भरून आलं.

पण घरात शब्द चालायचा तो त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीचा, अन्नपूर्णाबाईंचा. सुई त्यांनीच पुढे केली होती.

कोकिळेने दोरा ओला केला, सुई उचलली. सुई पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. अन्नपूर्णाबाईंनी तिचा हात धरून उजेडात ओढला, बोट दाबून पाहिलं. पोरगी कळवळली. बाईंनी हात सोडला आणि स्वतःचा हात लुगड्याला पुसला.

"रक्तपिती हाय हे," त्या म्हणाल्या. "ऊठ, भगवंता."

आणि मागे न पाहता त्या अंगणातल्या दमणीत जाऊन बसल्या.

कोकिळा खाली पडलेल्या सुईकडे पाहत राहिली. लग्न मोडलं ते मोडलं. पण उद्या बाजारात रक्तपितीचं, महारोगाचं नाव झालं की पोरीच्या हातचं पाणी कोणी पिणार नव्हतं, हे विमलबाईला कळत होतं. भगवंतराव उठले तशी ती दाराआडून बाहेर आली आणि परक्या पुरुषाच्या वाटेत उभी राहिली.

"रक्तपिती नाई ते, दादा. आमी तुमच्यासंग खोटं बोललो. रानडुकराचा वाटा आला होता, म्याच पोरीले कापाले बसवलं. हाड टोचलं तिले. सोयरीक नोका करू, पन तिले रक्तपिती नोका म्हनू."

शेषरावांनी डोळे मिटून घेतले. सांगून झाल्यावर विमलबाईला बरं वाटलं.

अंगणाकडे एकदा पाहून भगवंतराव कोकिळेजवळ वाकले आणि त्यांनी तिचं बोट बराच वेळ न्याहाळलं.

"कितवा दिस?"

"अकरावा," कोकिळा पुटपुटली.

"मंग खाज सुटली असन. रातच्याले ठणकते, पांघरूनबी सहन होत नाई. आता सूज उतरते. पुढच्या पुनवेलोक काई राहत नाई." ते विमलबाईकडे वळले. "अक्काले सांगतो, बाभळीचा काटा मोडला म्हनून. सोयरीक पक्की समजा. फकत मटनाचं तिच्या कानावर जाऊ नोका देऊ."

विमलबाईला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"तुमाले कसं मालूम, दादा?"

भगवंतरावांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. मग आवाज न करता त्यांनी गोमुखीतून हात बाहेर काढला. हातात माळ नव्हती, आणि मधलं बोट नखापासून पेरापर्यंत वांग्यासारखं जांभळं पडलं होतं.