तिसरं सील

जीपखाली उताणा पडलेल्या इकबालने तोंडावर टपकलेलं तेल बाहीने पुसलं आणि ओठांवर आलेली शिवी गिळली. मागच्या अ‍ॅक्सलचं तेल अडवणारं पिनियन सील त्याने दिवाळीपासून दोनदा बदललं होतं. आता हे तिसरं. गावात त्याच्या हाताला नाव होतं. नवंकोरं सील गळतंच कसं?

“घाई नको करूस,” ओट्यावरून शिरोडकर काका म्हणाले. “आज जेवूनच जा.” काकांनी जन्मभर सरकारी जीप चालवली होती. काकी गेल्यापासून त्यांची ही स्वतःची जीप मात्र बाजारापलीकडे जात नव्हती.

सील बसवल्यावर इकबालने अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर खोलला. आतली गरम हवा निघून जायची ती बारीक वाट गच्च बुजली होती. मग हवा तेलाला सीलमधूनच बाहेर ढकलणार! चिखल असेल म्हणून त्याने तारेने टोकरलं, तर निघाला हिरवा साबण. बोटाने दाबून भरलेला.

इतक्या मुरलेल्या ड्रायव्हरला हे ठाऊक नसेल? इकबालचं टाळकं फिरलं. तणतणतच तो मोरीवर हात धुवायला गेला. तिथे तोच हिरवा साबण होता, कोपरा नखाने कोरलेला. पलीकडे स्वयंपाकघरात दोन पानं मांडून ठेवली होती.

काका मागे येऊन उभे राहिले. “आता नाही ना रे गळणार?” त्यांनी हळूच विचारलं.

इकबाल त्या साबणाने बराच वेळ हात चोळत राहिला.

“जुनी गाडी आहे, काका. भरवसा नाही,” तो म्हणाला. “मला येऊन बघत राहावं लागेल.”